घोट्यापर्यंतचं लुगडं

एक काम डोळ्यांसमोर आणून बघा. तुमचा उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबतोय, बोटं वळत नाहीत. समोर नऊ वार कापड पसरलंय. ते कमरेला गुंडाळायचं, बेंबीपाशी गाठ मारायची, निऱ्या चिमटीत धरून खोचायच्या, मग दोन्ही पायांतून कासोटा मागे न्यायचा आणि जिथे डोळे पोचत नाहीत तिथे घट्ट बसवायचा. आत परकर नाही, नाडी नाही, पिन नाही. गाठ सुटली की सगळंच सुटलं. जमलं का? आता हेच काम दुसऱ्या माणसाच्या अंगावर करा. ते माणूस एका पायावर भार देऊन, खिडकीचा गज धरून उभं आहे. ते डुलतंय, आणि तुमच्या प्रत्येक निरीला नावं ठेवतंय. बाहेर अजून उजाडायचंय आणि नगरच्या पहिल्या गाडीवर तुमची ड्यूटी आहे.

शुभांगी हे काम दिवाळीपासून रोज करत होती.

ती शेवगावच्या डेपोत कंडक्टर. नवरा महेंद्र सुप्याला कारखान्यात, सुट्टी मिळाली तर घरी येणारा. मुलगी यशोधरा अकरावीत, सकाळी क्लासच्या घाईत. आणि घरात सासू भागिरथीबाई, विहाराच्या मागच्या गल्लीतली सगळ्यांची भागिरथीआजी. दिवाळीच्या तोंडावर म्हातारीला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला. डॉक्टर म्हणाले, "बोलणं वाचलं, हे नशीब." एवढ्या काळजीतही शुभांगीला हसू आलं होतं. जे जाण्यासारखं नव्हतं तेच वाचलं होतं.

"वर घे जरा. न्हाई, येवढं न्हाई. खाली सोड. घोटा झाकंल आसं."

"झाकलाय, आत्या."

"कुटं झाकलाय? डाव्या अंगाला बघ की. डोळं उघडून नेसवतीस का झोपंत?"

शुभांगी गुडघ्यावर बसून डावा काठ खाली ओढायची. मग उजवा वर जायचा. उजवा ओढला की गाठ ढिली व्हायची. आयुष्यात तिने स्वतः कधी नऊवारी नेसलेली नव्हती. लग्नातसुद्धा सहावारीच होती, पांढरी. सासूच्या अंगावर शिकली तेवढंच. यशोधरेने मदत केली असती, पण आजी तिला खोलीत थांबू देत नसे. "नातीम्होरं उघडं व्हायाचं न्हाई. आन् पगारी बाईम्होरं तर मुळीच न्हाई." राहिली कोण? सून.

या नेसवण्यापायी पहिली गाडी दोनदा शुभांगीसाठी थांबली. डेपोतला कंट्रोलर मनाने बरा माणूस. रागावला नाही, चहाचा कप पुढे सरकवत म्हणाला, "मॅडम, सकाळ जमत नसेल तर सांगा. मुक्कामी गाडी देतो. रात्री पोचायचं, झोपायचं, सकाळी निवांत निघायचं. परत उशीर झाला तर मला तेच करावं लागेल." त्याच्या दृष्टीने ती सोयच होती. पण शुभांगी रात्री परगावी राहिली तर म्हातारीला बाथरूमला कोण नेणार? नातीला ती हात लावू देणार नव्हती. रात्रभर तशीच पडून राहिली असती, हट्टाने. शुभांगीने चहा तसाच ठेवला.

त्या संध्याकाळी तिने बाजारातून गाऊन आणला. सुती, गळ्याशी बटणं, बाह्या लांब.

"झगा?" भागिरथीबाईंनी तो डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून लांब केला. "मी काय बाळंतीन हाय व्हय?"

समोरच्या घरातली चांगुणाबाई दारातच होती. वयाने भागिरथीबाईंच्याच बरोबरीची, तीही जन्मभर नऊवारीतली. पण कंबरेच्या दुखण्यानंतर गाऊनवर आली आणि परत फिरली नाही. गाऊनवर टॉवेल पांघरून ती किराणा दुकानापर्यंत जाई, पिठाच्या गिरणीत जाई, बँकेतसुद्धा.

"घाल गं," चांगुणाबाई म्हणाली. "मोकळं मोकळं वाटतं. जल्मभर कंबर आवळली, आता वारं लागू दे."

"तुला लागलं तेवढं बास. गल्लीला सर्दी झाली."

हसणं झालं, गाऊन खुंटीवर राहिला. पण दोन-चार दिवसांनी सकाळी कासोटा तिसऱ्यांदा सुटला, तेव्हा शुभांगी फरशीवर बसली ती उठेचना. रडली नाही, ओरडली नाही. नुसती बसून राहिली, हातात काठ धरून. भागिरथीबाई गज धरून वरून बघत होत्या. मग म्हणाल्या, "आन त्यो झगा."

गाऊन एका मिनिटात चढला. शुभांगी वेळेवर डेपोत पोचली, त्यानंतर रोजच पोचत राहिली.

बसमध्ये दिवसभर तिच्यासमोर बायकांचे कपडे फिरत असत. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत त्यांचीच गर्दी. म्हाताऱ्या कमरेच्या पिशवीची दोरी सोडून पैसे काढत. तिच्या वयाच्या बायका ब्लाउजातून घामाने ओलं झालेलं पाकीट काढत आणि नोट देताना तोंड फिरवत. कॉलेजच्या पोरी तोंडाला स्कार्फ गुंडाळून, जीन्सच्या खिशातला मोबाईल पुढे करून पैसे भरत. शुभांगी सगळ्यांना सारखंच "पुढं सरका" म्हणायची. तिच्या स्वतःच्या अंगावर खाकी पँट-शर्ट असायचा. काही जणी खाकी पंजाबी ड्रेस घालत, तिने पँट निवडली होती. चढउतार करताना बरं पडतं.

पण ही पँट तिने कित्येक वर्षं गल्लीत घातली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा आयटीआयला असतानाचे दोन पंजाबी ड्रेस तिने पेटीत आणले होते. ते पेटीतच राहिले. "आमच्यात सुना साडीत आसत्यात," असं सासू पहिल्याच आठवड्यात बोलून मोकळी झाली होती. पुढे एस.टी.ची नोकरी लागली तेव्हा भागिरथीबाईंनी गल्लीत पेढे वाटले. खाकीचं कापड बघून मात्र एवढंच म्हणाल्या, "गल्ली वलांडून मग घाल." म्हणून शुभांगी घरून साडी नेसून निघायची, डेपोत बायकांच्या खोलीत पँट चढवायची, संध्याकाळी परत साडी. पावसाळ्यात, तापात, पाळीच्या दिवसांत, रोज. भागिरथीबाई ओट्यावर पोतं टाकून बसलेल्या असायच्या आणि जाणारी-येणारी सून त्यांच्या डोळ्यांखालून जायची.

झटका आला आणि ओटा रिकामा झाला, तेव्हापासून शुभांगी म्हातारीच्या नजरेआड कपडे बदलून घरूनच खाकीत निघत होती. कोणी काही म्हणालं नाही. तिला ते इतकं हलकं वाटे की त्या हलकेपणाची लाज वाटे.

गाऊन आल्यावर तर तो ओटा कायमचाच रिकामा राहणार असं दिसू लागलं. शुभांगी लुगडं नेसवत होती तेव्हा म्हातारी निदान दुपारी यशोधरेचा खांदा धरून दारापर्यंत सरकायची. आता भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. चांगुणाबाईने दारातून हाक मारली की नातीला सांगायची, "झोपलीया म्हन." अर्ध्या भाकरीवर हात धुवायची. केसांना तेल लावू द्यायची नाही, मिश्रीची डबीसुद्धा उशाशी तशीच. शुभांगीला वाटलं, पाय दुखत असेल. मग पौर्णिमेला विहारातल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून तिला न्यायला आल्या. खुर्ची आणली होती उचलून न्यायला. म्हातारीने डोक्यावरून चादर ओढून घेतली.

त्या गेल्यावर चादरीतून आवाज आला, "झग्यात कोन जातं गं भाईर?"

शुभांगी त्या दिवशी दुपारच्या फेरीवर गेली, पण तिकिटं फाडताना सारखं तेच कानात. म्हातारीला पुन्हा ओट्यावर आणायचं तर लुगडं नेसवायचं. लुगडं नेसवायचं तर सकाळची गाडी चुकणार, आणि गाडी चुकली की मुक्कामी ड्यूटी. शिवाय मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती: म्हातारी ओट्यावर आली की खाकी पुन्हा पिशवीत जाणार. हे शेवटचं तिने कोणाला सांगितलं नाही.

तोड यशोधरेने काढली. कॉलेजच्या गॅदरिंगला तिने नाच केला होता, त्याची शिवलेली नऊवारी कपाटात होती. "आई, ही पँटसारखी चढवायची. आत इलास्टिक, मागं कासोटा शिवलेला, पदर घेतला की झालं. आजीला अशीच शिव ना."

शुभांगीने म्हातारीची रोजची दोन लुगडी, एक हिरवं आणि एक जांभळं, पिशवीत घातली, वर यशोधरेची नऊवारी नमुन्याला ठेवली आणि जरीनाभाभीकडे गेली. जरीना बाजाराच्या वाटेवर मशीन टाकून बसायची. सासूच्या हाताखाली खणाच्या चोळ्या शिवायला शिकली, नंतर ब्लाउज, नंतर पंजाबी ड्रेस. आता सगळा दिवस गाऊनच्या बाह्या वाढवण्यात आणि फॉल-पिकोत जायचा.

"लुगडं कापायचं? भागिरथीआजीचं?" जरीनाने कात्री खाली ठेवली. "त्यांना विचारलंस?"

"विचारलं तर नाही म्हणतील."

"आणि मी कापल्यावर हो म्हणणार का?"

"भाभी, नवीन घेऊन शिवावं म्हटलं तर दुकानदार विचारतो, लग्नाला पाहिजे का नाटकाला. रोजचं सुती मिळेना. तुम्ही कापा. माप या नमुन्याचं घ्या. आत्या न् यशो उंचीला सारख्याच."

जरीनाने दोन्ही लुगडी मांडीवर घेऊन हात फिरवला. कापड धुऊन धुऊन मऊ झालं होतं. मग तिने कापलं.

शिवून आलं ते खरोखर सोपं होतं. म्हातारी खाटेच्या कडेला बसलेली असतानाच शुभांगीने पाय घातले, उभं करून वर ओढलं, इलास्टिक कमरेला बसलं, पदर खांद्यावर. आजी गज धरेपर्यंत काम झालंसुद्धा. हिरवा रंग अंगावर आल्यावर म्हातारीच्या तोंडावर पुन्हा ती जुनी भागिरथीबाई दिसली.

मग म्हातारीने खाली बघितलं.

नाचाच्या नऊवारीला काठ मुद्दाम वर ठेवतात. पायात अडकू नये आणि घुंगरू दिसावेत म्हणून. हे यशोधरेला माहीत होतं, पण सांगावं असं तिला वाटलं नाही. शुभांगीच्या तर ध्यानातच आलं नाही. हिरव्या काठाखाली म्हातारीचे दोन्ही घोटे उघडे होते. वर चार बोटं पोटरीही.

"काढ."

"आत्या, चार बोटं तर आखूड आहे."

"काढ म्हनते न्हवं!"

"काढून काय नेसवू? दोन्ही कापली!" शुभांगीचा आवाज चढला. "रोज पहाटे उठून मी जमिनीवर बसते तुमच्या पायाशी. डेपोत ऐकून घेते. गाऊन नको, हे नको. चार बोटांनी काय बिघडतंय?"

"कुनाला इचारून कापलीस?"

म्हातारी धपकन खाटेवर बसली. डाव्या हाताने काठ खाली ओढत राहिली. कापड येत नव्हतं तरी ओढतच होती.

"चार बोटं," ती म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "माज्या सासूची आई व्हती ना, तिच्या टायमाला आपल्या बायांचं लुगडं गुडघ्याखाली आलेलं गावाला खपायचं न्हाई. मग बाबासायबांचा निरोप गावोगाव फिरला. बायांनो, नेसनं बदला, चांगल्या घरच्यावानी घोट्यापत्तुर नेसा. माजी सासू तान्हाबाई तवा नवी नवरी. घोट्यापत्तुर नेसून पान्याला निघाली. वढ्यापाशी एका बाप्यानं मागनं काठावर पाय दिला. हांड्यासकट चिखलात पडली. उठली, आन् तसाच चिखलानं भरलेला काठ लोळवीत घरी आली. वर उचलला न्हाई. समदी आळी बघत व्हती."

वीस वर्षांत हे शुभांगीने ऐकलं नव्हतं.

"मी लगीन होऊन आले, तर सासू सकाळी माज्या तोंडाकडं बघायची न्हाई. पायाकडं बघायची. घोटा दिसला की माघारी पाठवायची." म्हातारीने काठ सोडला. "मी म्हातारी झाले म्हनून तो वर चढवायचा का?"

डेपोला निघायची वेळ झाली होती. शुभांगीने परत गाऊन चढवला. दिवसभर तिला भांडण आठवलं नाही. आठवत राहिला तो डावा हात, काठ ओढणारा.

संध्याकाळी ती जरीनाला घरीच घेऊन आली. जरीना खाटेपाशी खाली बसली. "आजी, चुकी माझी पण आहे. आता सांगा, करू काय? खाली पट्टी जोडली तर जोड दिसणार."

म्हातारीने तोंड वळवलं नाही. पण कान इकडेच होते. भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "कापलेलं कापड टाकलं का ठिवलंय?"

"ठेवलंय की. मोठे तुकडे निघालेत."

"मग काठ उसव. मधी त्येच कापड घाल, वर काठ लाव. जोड काठाच्या शिवनीत जाईल. हिरव्यात हिरवं, कोन बघतंय."

"आजी, माझ्या मशीनवर तुम्हीच बसा. मी इथं झोपते."

"झोप. सून चाय करून दील." पहिल्यांदाच म्हातारीची मान वळली. "आन् माजी डबी ठिवायला कनवट न्हाई ह्याला. इलास्टिकात डबी राहती व्हय?"

"खिसा लावते."

"खिसा? बाप्याच्या इजारीवानी?"

"मग काय झालं? तुमच्या सुनेला दोन आहेत."

म्हातारीने शुभांगीकडे बघितलं. शुभांगी ड्यूटीवरून तशीच आली होती, खाकीत. दारात उभी होती, हातात पिशवी. आत पळावं असं तिला वाटलं. मग म्हातारी जरीनाला म्हणाली, "डाव्या अंगाला लाव. उजवा हात चालत न्हाई."

दोन दिवसांनी लुगडं परत आलं. सकाळी चढवलं तेव्हा म्हातारीने आधी खाली बघितलं. काठ घोट्यावर टेकला होता. तिने डावा पाय पुढे केला, मागे घेतला, परत पुढे. मग म्हणाली, "धर मला."

ओट्यावर पोतं टाकलं, यशोधरा आणि शुभांगीने दोन बाजूंनी धरून तिला बसवलं. चांगुणाबाई दात घासत दारात आली होती, टॉवेलसकट.

"आली का बाई! आमाला वाटलं आता फोटूतच बघायची."

"तुजा झगा बघायला आले," भागिरथीबाई म्हणाल्या आणि डाव्या खिशातून डबी काढून मिश्री तळहातावर घेतली. चांगुणाबाई जवळ येऊन खिसा चाचपू लागली. "अगं बया, खिसा? मला बी लावून घे की एक."

आत शुभांगी आरशापुढे उभी होती. केसांचा अंबाडा घट्ट केला, बिल्ला लावला. खुंटीवर जुनी साडी लटकत होती, डेपोपर्यंत नेसून जायची. ती साडी पँटवरून गुंडाळायला क्षणभर पुरला असता. तिने हात पुढे केला. मग थकवा आला, असा की हात तिथेच राहिला. पहाटेपासून एका बाईचं अंग धुतलं होतं, केस विंचरले होते, कपडे घातले होते. आता आणखी एकीला नेसवायची ताकद नव्हती, ती एक स्वतःच असली तरी. तिने पिशवी उचलली आणि खाकीत बाहेर आली.

चांगुणाबाईने मिश्रीचं बोट तोंडातच ठेवलं.

भागिरथीबाईंनी सुनेच्या तोंडाकडे बघितलं नाही. नजर खाली गेली, बुटांपाशी, आणि तिथेच थांबली.

"पँट आखडलीया तुजी," त्या म्हणाल्या. "घोटा दिसतुया. आत दुमड आसंल, जरीनाकडनं सोडवून घे."

"बरं," शुभांगी म्हणाली. दुसरं काय म्हणणार. ती गल्लीतून चालू लागली. टोकाशी वळताना मागे बघितलं तर दोघी म्हाताऱ्या पुन्हा खिशातच अडकल्या होत्या.

गाडी वेळेवर निघाली. पाथर्डीपर्यंत उभं राहायलाही जागा नव्हती. तिसगावच्या पुढे जरा सैल झालं तेव्हा शुभांगी आपल्या सीटवर टेकली, तिकिटाचं मशीन मांडीवर घेतलं आणि वाकून पँटची दुमड बघितली. होती, दोन बोटं सहज सुटली असती. तिला हसू यायला हवं होतं. पण दुमड धरून बसल्यावर डोळ्यांपुढे आली ती डेपोतली बायकांची खोली, दाराची न लागणारी कडी, एका पायावर उभं राहून बदललेल्या त्या सगळ्या साड्या. संध्याकाळी विचारायचं, तिने ठरवलं. पण संध्याकाळी स्वयंपाक होता, म्हातारीचं तेलपाणी होतं, आणि म्हातारी ओट्यावर बसून दमलेली, जेवताच झोपली. दुसऱ्या दिवशी पहाटे इलास्टिक वर ओढताना प्रश्न ओठांशी आला, तर म्हातारी म्हणाली, "काठ बघ आधी."

काठ बरोबर घोट्यावर होता. शुभांगी तिथेच, पायाशी बसून राहिली, प्रश्न तसाच मनात घेऊन: चिखलातनं काठ लोळवीत आलेल्या बाईची तुम्ही सून, मग मला इतकी वर्षं गल्लीच्या टोकापर्यंत साडीत का चालवलंत, आत्या?